मुखवटा रोल्सचा, चासी कोणाची?

लग्नसराई सुरू झाली की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यांवर वरातीच्या अग्रभागी एक लांब बॉनेटची, मोठ्या गोल दिव्यांची, पांढरीशुभ्र मोटार हमखास दिसते. बघ्यांच्या गर्दीतून ‘रोल्स आली, रोल्स आली’ अशी कुजबुज होते. त्या मोटारीखाली वाकून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. घेतली तर जीपची चौकट, जीपचीच चाके आणि डिझेलचे इंजिन दृष्टीस पडते. पुढचा झळाळता मुखवटा एखाद्या कारखान्यात पत्रा वाकवून केलेला असतो. यात फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. भाडे शोभेचे घेतले आणि शोभा दिली. हिशेब चोख झाला. परंतु हाच मुखवटा जेव्हा विक्रीच्या कागदावर ‘अस्सल ब्रिटिश लिमोझीन’ या नावाने चढतो, तेव्हा व्यवहाराचे स्वरूप पालटते.

सोने कसोटीवर घासून आणि हळदीचे कांडे मोडून पाहणाऱ्या व्यापारी घराण्यांना मोटारीची कसोटी मात्र सहसा ठाऊक नसते. मराठवाड्यातील काही जुन्या पेढ्यांच्या वाड्यांत, जिनिंगच्या पडवीत किंवा बंद गोदामात आजोबांच्या काळातील एखादे वाहन धूळ खात उभे असते. ‘ही निजामाकडून आली’ एवढीच त्याची वंशावळ घरात सांगितली जाते. पुढे वाटणीचा प्रसंग येतो, जागा मोकळी करायची असते आणि नेमक्या त्याच वेळी शहरातील दलाल दारात उभा राहतो. त्या वेळी घरात दोनच मते असतात : एक म्हणतो भंगार, दुसरा म्हणतो कोट्यवधींचा ऐवज. दोघांपाशीही पुरावा नसतो.

दोन महायुद्धांमधील काळ, म्हणजे १९१९ ते १९३९, हा ब्रिटिश लिमोझीनचा वैभवकाळ होय. लिमोझीन हा शब्द फ्रान्समधील लिमुझँ प्रांताच्या नावावरून आल्याचे मानले जाते. आज कोणत्याही लांबलचक गाडीला लिमोझीन म्हणतात. त्या काळी या शब्दाचा अर्थ नेमका होता. चालक आणि मालक यांच्यामध्ये काचेचे आडपडदे असलेली, मागचा भाग पूर्ण बंदिस्त असलेली मोटार म्हणजे लिमोझीन. मधली काच नसेल तर ती सलून. मागच्या आसनांवरचे छप्पर बग्गीच्या टपासारखे दुमडता येत असेल तर ती लँडोलेट. चालकाच्या डोक्यावरचे छप्पर सरकवून त्याला उघड्यावर बसवता येत असेल तर ती सेडान्का. विक्रेता या चारही नावांची सरमिसळ करू लागला, तर त्याचे ज्ञान ऐकीव आहे असे खुशाल समजावे.

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की त्या काळी अशी गाडी एका कारखान्यात तयार होत नसे. रोल्स-रॉईस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत केवळ चासी विकत असे : चौकट, इंजिन, चाके, सुकाणू, रेडिएटर आणि बॉनेट. ही चासी मग ग्राहकाच्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्या पेढीकडे जाई. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली, विंडोव्हर्स, एच. जे. मलिनर ही त्यांतील नामांकित नावे. यांतील जुन्या पेढ्या पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधत. अॅश लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा आणि रंगाचे थरावर थर, अशी ती कारागिरी असे. म्हणजे एका गाडीला दोन जन्मदाते असत, आणि तिची ओळख पटवणाऱ्याने दोघांचीही नावे शोधली पाहिजेत.

याचे प्रत्यक्ष प्रमाण मराठवाड्यातील वाचकाला दोन ठिकाणी पाहता येईल. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी सिल्व्हर घोस्ट आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली. १९११ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. बार्करने बांधलेल्या तिच्या बॉडीत मागील आसन सिंहासनासारखे उंच आहे. दुसरे ठिकाण अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम. तेथेही एक सिल्व्हर घोस्ट आहे, पण तिच्या अंगावर मखमल नसून पोलादी चिलखत आहे. चासीचा वंश एकच. एकीवर सिंहासन चढले, दुसरीवर मशीनगनचा बुरूज. केवळ वरचे रूप पाहून आतला वंश सांगू पाहणाऱ्याने ही दोन वाहने एकदा तरी डोळ्यांखालून घालावीत.

तरीही पहिली नजर रेडिएटरवरच जाते आणि ते स्वाभाविक आहे. रोल्स-रॉईसचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, वर त्रिकोणी शिखर असलेला. डेमलरच्या रेडिएटरच्या माथ्यावर उभ्या पन्हळी असतात. १९०४ पासून चालत आलेली ही खूण एकदा ओळखली की विसरत नाही. व्हॉक्सहॉलच्या बॉनेटवरून मागे जाणाऱ्या दोन खोल पन्हळी, आर्मस्ट्राँग सिडलीच्या शिरावरचा स्फिंक्स, तिसाव्या दशकातील वूल्झलीच्या रेडिएटरवर रात्री उजळणारे नावाचे बिल्ले आणि लँचेस्टरच्या रेडिएटरमधील पाण्याची पातळी दाखवणारी छोटी काच, ही प्रत्येक पेढीची आपापली मुद्रा होती. येथे एका गैरसमजाचे निरसन करणे योग्य ठरेल. ‘राजाची गाडी म्हणजे रोल्स’ हे समीकरण त्या काळाला लागू नाही. बादशहा पाचवे जॉर्ज यांच्या दरबारी गाड्या डेमलरच्या होत्या. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी लँचेस्टरचे मोठे ग्राहक होते आणि अलवरच्या महाराजांनी १९२४ मध्ये लँचेस्टरच्याच चासीवर राज्याभिषेकाच्या बग्गीसारखी बॉडी चढवून घेतली होती. आपल्याकडील गाडी डेमलर किंवा लँचेस्टर निघाली म्हणून कोणी खट्टू होऊ नये.

रोल्सच्या बोनेटवरील पंख पसरलेली आकृती हा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडवलेल्या या मूर्तीच्या नकला बाजारात मुबलक मिळतात आणि दोन स्क्रूंनी कोठेही बसतात. १९३४ पासून तिचे गुडघे टेकलेले रूपही आले, एवढे मात्र लक्षात ठेवावे. दोन ‘आर’ अक्षरांचा रंग १९३३ च्या सुमारास तांबड्याचा काळा झाला. हेन्री रॉईस यांच्या मृत्यूच्या दुखवट्यासाठी तो बदलला अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. अभ्यासक ती मान्य करत नाहीत. अपमानित राजाने रोल्सला कचरागाडी केले ही कथाही तशीच. ती अलवर, भरतपूर, पतियाळा, हैदराबाद अशा अनेक संस्थानांच्या नावे फिरते. एकच हुंडी चार पेढ्यांवर काढलेली दिसली की व्यापारी काय करतो? मूळ कागद मागतो.

आता गाडीचे दार उघडावे. दाराच्या उंबऱ्यावर बॉडी बांधणाऱ्या पेढीच्या नावाची लहानशी पट्टी असते. दार जड असूनही हलक्या आवाजात मिटते, कारण बिजागऱ्या आणि लाकूड यांचा मेळ हाताने बसवलेला असतो. मध्ये वरखाली किंवा आडवी सरकणारी काच, तिच्या पाठीशी घडी घालून ठेवलेली दोन जादा आसने, चालकाशी बोलण्याची नळी, खिडक्यांना रेशमी पडदे. संस्थानांतील जनान्यासाठी मागवलेल्या काही गाड्यांत या पडद्यांची किंवा रंगीत काचांची विशेष व्यवस्था असे. एक खूण फार बोलकी आहे. अस्सल लिमोझीनमध्ये चालकाचे आसन चामड्याचे आणि मालकाचे आसन उंची लोकरी कापडाचे असे. चामडे पावसाला व तेलाच्या डागांना टिकते म्हणून ते चालकाला. मऊ, उबदार कापड मालकाला. चामडे वर्ज्य मानणाऱ्या वाचकांना ही त्या काळाची श्रेणी काहीशी सुखद वाटेल. आज ‘राजेशाही’ दिसावे म्हणून मागील आसनावर लालभडक चामडे चढवलेली गाडी दिसली, तर तिची दुरुस्ती कोणा अजाण हाताने केली असल्याची शंका घ्यावी.

वर्ष ठरवण्यासाठी काही साध्या खुणा आहेत. पुढच्या चाकांना ब्रेकचे ड्रम आहेत का, हे आधी पाहावे. रोल्सच्या मोठ्या गाडीला ते १९२४ च्या सुमारास आले आणि लहान ‘ट्वेंटी’ला १९२५ पासून. पुढे ब्रेक नसलेली गाडी विक्रेता १९३० ची म्हणत असेल तर त्याला नमस्कार करावा. ‘ट्वेंटी’च्या रेडिएटरवरील झडपा प्रारंभी आडव्या होत्या, १९२८ च्या सुमारास उभ्या झाल्या. दिवे व कड्यांवरील मुलामा हीदेखील चांगली खूण. विसाव्या दशकाच्या अखेरीपर्यंत निकेलचा मुलामा चाले. त्याची झाक किंचित पिवळसर व मंद असते. निळसर, आरशासारखा क्रोम त्यानंतरचा. १९२३ च्या गाडीवर क्रोम दिसला तर गाडी खोटी ठरत नाही, पण मुलामा नंतरचा आहे हे निश्चित. जुन्या मेस्त्रीला सोबत नेले असेल तर त्याने पान्हा लावून पाहावा. त्या काळातील ब्रिटिश नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे असतात. मिलिमीटरचा पान्हा त्यांवर नीट बसत नाही. ज्या ‘१९२८ च्या’ गाडीचे सगळेच बोल्ट मिलिमीटरच्या पान्ह्याने निमूट सुटतात, तिचे वय तिच्या बोल्टांइतकेच.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी एक गमतीची कसोटी येथे नमूद करण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर प्रत्येक अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर होता. १९३५ पासून तो पंधरा शिलिंग झाला. ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीवरून मोजत नसत. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, सिलिंडरच्या संख्येने गुणावे आणि २.५ ने भागावे, असे सूत्र होते. ‘ट्वेंटी’चा व्यास ३ इंच, सिलिंडर ६; उत्तर २१.६. तिच्यानंतर आलेल्या ‘ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह’चा व्यास सव्वातीन इंच, उत्तर २५.३५. मोठ्या फँटमचा व्यास सव्वाचार इंच, उत्तर ४३.३५. कर व्यासावर आणि लांबीवर काहीच नाही, म्हटल्यावर कारखानदारांनी अरुंद आणि लांब सिलिंडरची इंजिने बनवली यात नवल नाही. कराच्या कलमाप्रमाणे माल घडतो हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. इंजिन उघडून व्यास मोजता आला तर ते मूळचे की नंतर बसवलेले, याचा अंदाज या गणिताने येतो.

परंतु अंतिम निवाडा क्रमांकाचा. बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि चालक यांच्यामधील भिंतीवर चासी क्रमांकाची पट्टी असते; तोच क्रमांक चौकटीवरही कोरलेला असतो. इंजिनाचा क्रमांक वेगळा आणि इंजिनावरच असतो. पट्टी बदलता येते, चौकटीवरचे कोरीव अक्षर बदलणे कठीण. म्हणून दोन्ही ताडून पाहावेत. रोल्सच्या १९२९ ते १९३६ मधील ‘ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह’ मालिकेचे सर्व क्रमांक ‘जी’ अक्षराने सुरू होतात. बारा सिलिंडरच्या फँटम थ्रीचे सर्व क्रमांक ३ या अंकाने. १३ हा आकडा कंपनी सहसा टाळत असे. या मालिकेच्या एकंदर ३,८२७ गाड्या झाल्या, त्यामुळे ‘जगात अशी एकच’ हे वाक्य तिच्याबाबत फारसे मनावर घेऊ नये. प्रत्येक चासीचे एक स्वतंत्र पत्रक कंपनीत लिहिले जाई. त्यात पहिल्या मालकाचे नाव, बॉडी बांधणारी पेढी, इंजिनाचा क्रमांक, गाडी कोणत्या देशात व कशा प्रकारे वापरली जाणार, इतक्या नोंदी असत. ही पत्रके जपून ठेवलेली आहेत आणि इंग्लंडमधील रोल्स-रॉईस एन्थुझिअॅस्ट्स क्लबकडे क्रमांक कळवून त्यांची प्रत मागवता येते. चासी क्रमांक ही खतावणी आणि रेडिएटर ही पेढीवरची पाटी, असे म्हटले तर वाचकांना फरक लगेच ध्यानात येईल.

कागदाचा दुसरा साठा घरातच असू शकतो आणि हिंगोलीच्या बाबतीत त्याला काही स्थानिक गाठी आहेत. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्याचा भाग होती. जुन्या गाडीचे कागद म्हणून हैदराबादच्या शिक्क्याचे, उर्दूतील, किंवा परभणीच्या नोंदीचे असू शकतात. संस्थानी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. रक्कम हाली शिक्क्यात असेल तर सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. पेढीच्या चोपड्या संवतात लिहिल्या असतील, तर ५७ किंवा ५६ वजा करावे लागतील. ‘मोटार खाते’ या शीर्षाखाली पेट्रोलचे पिंप, टायर, ड्रायव्हरचा पगार आणि मुंबईहून आलेल्या सुट्या भागांच्या रेल्वे पावत्या सापडल्या, तर त्या वहीचे मोल गाडीच्या एखाद्या दिव्यापेक्षा निश्चितच अधिक आहे. घर आवरताना अशाच वह्या सर्वांत आधी रद्दीत जातात.

हे सारे तपासल्यावर बहुतेक घरांत निघणारे उत्तर वेगळेच असण्याचा संभव मोठा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. शेव्हरोलेट, ब्यूक यांसारख्या अमेरिकी गाड्या स्वस्त, उंच आणि खडबडीत रस्त्यांना सोसणाऱ्या होत्या. कापसाच्या व्यापाऱ्याने खरेदी करायची ती हीच गाडी, लंडनहून बॉडी बांधून आलेली लिमोझीन नव्हे. पुढे संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले, तेव्हा राजेरजवाड्यांच्या गाड्या नक्कीच इकडेतिकडे विखुरल्या. त्यांतील एखादी येथवर आली नसेलच असे नाही. बेल्जियमच्या मिनर्व्हाचाही रेडिएटर दुरून रोल्सचा भास देतो, हेही सांगून ठेवलेले बरे. सुस्थितीतील जुनी ब्यूक ही खोट्या रोल्सपेक्षा केव्हाही प्रतिष्ठेची.

आणि समजा, गाडी खरोखरच ब्रिटिश लिमोझीन निघाली तर? पहिला मोह तिला ‘नवी’ करण्याचा होतो. तो आवरावा. जुन्या लिमोझीन फार मोठ्या संख्येने नाहीशा झाल्या त्या अपघातांनी नव्हे. ब्रिटनमध्ये त्यांची बॉडी उतरवून शववाहिका आणि मालगाड्या केल्या गेल्या. भारतात काहींच्या शिकारीच्या गाड्या झाल्या. आणि नंतर उघड्या गाडीला भाव अधिक म्हणून हौशी व्यापाऱ्यांनी उरलेल्यांचे छप्परच कापले. चासी बऱ्याच वाचल्या, बंदिस्त बॉडी गेल्या. मधली काच, घडीची आसने, बोलण्याची नळी, फाटका पडदादेखील जागेवर ठेवावा. मुंबईच्या उद्योगघराण्यातील प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ काठवाडा येथे दास्तान इस्टेटवर ‘ऑटो वर्ल्ड’ हे संग्रहालय उभे केले. शंभराहून अधिक जुन्या मोटारी तेथे आहेत आणि त्यांत रोल्स, बेंटली, डेमलर या ब्रिटिश घराण्यांची मोठी भरती आहे. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गुजरातच्या प्रवासात अर्धा दिवस तेथे काढला, तर कोणता भाग कसा असावा याची जाण येते. सोबत मोजपट्टी आणि कॅमेरा असावा.

कायद्याची बाजूही आता पूर्वीइतकी धूसर राहिलेली नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे हिंगोलीच्या गाडीवरही ‘एमएच ३८’ न येता ‘एमएच व्हीए’ येईल. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीचे पाच हजार, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्जासोबत विमा, जुने आर. सी. बुक आणि परदेशातून आणलेल्या वाहनाच्या बाबतीत आयातीचा कागद लागतो. ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. वरातीला भाड्याने देण्याचा विचार त्यामुळे सोडूनच द्यावा. विक्री करता येते, मात्र विकणारा आणि घेणारा या दोघांनीही नव्वद दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवणे आवश्यक आहे. सौद्याच्या बोलणीत ‘क्रमांकाची पट्टी काढून नेतो, शहरात तपासून आणतो’ असे दलाल म्हणाला तर पट्टी देऊ नये; तिच्यावर खडू फिरवून कागदावर ठसा घ्यावा, चौकटीवरील अक्षरांचाही घ्यावा, आणि दोन्ही ठसे त्याच्या समोरच एकमेकांशेजारी ठेवावेत.